नळदुर्गचा परदेशी रहिवासी

किल्लारीहून उमरग्याला येऊन सोलापूर–हैदराबाद महामार्गाने पश्चिमेकडे गेले की बोरी नदीच्या वळणावर नळदुर्गचा किल्ला लागतो. 1853 ते 1857 या काळात फिलिप मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी येथे राहून जिल्ह्याचा कारभार पाहत होता. हैदराबादच्या कंटिन्जंट फौजेचा, म्हणजे निजामाच्या खर्चाने इंग्रजांनी ठेवलेल्या सैन्याचा, पैसा थकल्यामुळे 1853च्या तहान्वये वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर नळदुर्गचा मुलूखही निजामाला इंग्रजांच्या हवाली करावा लागला होता. 1808 साली लिव्हरपूल येथे जन्मलेला टेलर ऐन पोरवयात हिंदुस्थानात आला, निजामाच्या फौजेत शिरला, पुढे सुरपूर संस्थानात अनेक वर्षे कारभारी राहिला आणि तेथे महापाषाणयुगातील, म्हणजे मोठमोठ्या शिळा रचून बांधलेल्या, दफनांचा अभ्यास करून मगच नळदुर्गला आला.

  नळदुर्गला टेलरच्या भोवती उरली होती ती गेलेल्या राजवटींची बांधकामे आणि लोकांच्या तोंडच्या हकिकती.

त्या बांधकामांत पाणीमहालाला तोड नाही. मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ यांना जोडणारा बोरी नदीवरील बंधारा दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली, पुरा झाला आणि त्याच्या भिंतीच्या पोटातच दालने काढण्यात आली. पावसाळ्यात नदी भरली की पाणी नर आणि मादी नावाच्या दोन सांडव्यांतून खाली कोसळते आणि दालनाच्या गवाक्षात उभ्या असलेल्या माणसाला ते समोरून पडताना दिसते, पण दालन कोरडेच राहते. पाणी अडवणे, किल्ल्याच्या दोन अंगांना जोडणे आणि राजाला विसाव्याची जागा देणे ही तिन्ही कामे एकाच भिंतीकडून करून घेणाऱ्या त्या स्थपतीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. ज्या चांदबिबीने इब्राहिमच्या बालपणी विजापूरचा कारभार सांभाळला, तिच्यावर टेलरने पुढे कादंबरी लिहिली आणि ती त्याच्या मृत्यूनंतर 1878 साली प्रसिद्ध झाली.

त्याची 1863 सालची ‘तारा’ या मुलखाच्या अधिक जवळची आहे, कारण तिची नायिका तुळजापूरच्या शास्त्र्याची मुलगी असून कथानकात अफजलखान आणि शिवाजी महाराज येतात. या कादंबरीतील स्थळे चार वर्षांच्या वास्तव्यातून आलेली असल्यामुळे विश्वासाची वाटतात, मात्र इतिहासाबाबत तिच्यावर विसंबून चालत नाही. 1657, 1757 आणि 1857 अशा शंभर शंभर वर्षांच्या अंतराने तीन कादंबऱ्या रचण्याच्या हौसेपायी टेलरने अफजलखानाची मोहीम 1657 मध्ये नेऊन बसवली. प्रत्यक्षात खानाचा वध 10 नोव्हेंबर 1659 रोजी झाला. शिवाय सारा वसूल करणाऱ्या साहेबासमोर रयत किती मोकळेपणाने बोलली असेल, हा प्रश्न त्याचे लेखन वाचताना मनात ठेवलेला बरा.

टेलरच्या कादंबऱ्यांतील दख्खनचा राजकीय इतिहास मुख्यतः सुलतान आणि मराठे यांच्याभोवती फिरतो. या भूमीतील त्याआधीचे थर उलगडले ते पुढे, कोरीव लेखांच्या वाचनातून. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी, म्हणवीत आणि ते लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे बहुतेक अभ्यासक मानतात. किल्लारी ज्या औसा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात खरोसा येथे जांभ्या दगडात कोरलेली लेणीही आहेत. नळदुर्गचा मुलूख 1860 साली निजामाला परत मिळाला आणि त्याच वर्षी टेलर हिंदुस्थान सोडून मायदेशी गेला.