आठवडी बाजारातले कवी

ब्राझीलच्या ईशान्य भागात पाऊस बेभरवशाचा. दुष्काळ, जमीनदारी आणि स्थलांतर पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या या मुलखाने ‘कॉर्देल’ ही पद्यपुस्तिकांची परंपरा वाढवली. साधारण ११ सेंटिमीटर रुंद, १६ सेंटिमीटर उंच, कागद हलका आणि किंमत मजुरालाही परवडणारी. ताव दोनदा दुमडला की आठ पाने होतात. म्हणून कथा ८, १६ किंवा ३२ पानांत बसवायची.

अशा पुस्तिका पोर्तुगालमध्ये दोरीवर टांगून विकत. त्यांच्याबरोबर सम्राट शार्लमेनच्या सरदारांच्या कथा समुद्रापार आल्या आणि ब्राझीलमधल्या सवाल-जवाब रंगवणाऱ्या शीघ्रकवींच्या गाण्यात मिसळल्या. या मौखिक काव्याला छापील रूप देणाऱ्यांत अग्रणी ठरला परायबात जन्मलेला लिआंद्रो गोमेस दे बारोस (१८६५–१९१८). १८९०च्या दशकापासून त्याने आपली कवने छापून विकली आणि त्यावरच संसार चालवला.

विक्रीची रीत कवितेइतकीच रंगतदार होती. आठवडी बाजारात कवी गर्दी जमवून कथा गाऊन दाखवी आणि ऐन रंगात थांबे. शेवट हवा असेल त्याने पुस्तिका घ्यायची! घेणाऱ्याला वाचता येत नसले तरी अडत नसे. घरातला किंवा शेजारचा एखादा साक्षर ती मोठ्याने वाची आणि सगळी आळी ऐके. सहा ओळींचे कडवे आणि दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या ओळीला यमक, त्यामुळे कथा चटकन तोंडपाठ होई. कित्येकांनी अक्षरे गिरवली ती याच पानांवरून.

विषयांना तोटा नव्हता. १९३८मध्ये मारला गेलेला दरोडेखोर लांपियाव, लोकांनी संत मानलेले पाद्री सिसेरो, प्रेमकथा, पूर, निवडणुका. १९५४मध्ये राष्ट्राध्यक्ष झेतुलियो वार्गास यांनी आत्महत्या केली, तेव्हा ती बातमीही लगोलग पद्यात उतरली. आरियानो सुआसुना यांनी १९५५मध्ये लिहिलेल्या गाजलेल्या नाटकाचे कथाबीजही या पुस्तिकांतलेच.

हक्कांचा इतिहास मात्र कडवट आहे. लिआंद्रोच्या विधवेकडून १९२१मध्ये जुआंव मार्तिन्स दे अतायदे या प्रकाशकाने हक्क विकत घेतले आणि पुढे त्या रचनांवर स्वतःचे नाव घातले. कवी शेवटच्या कडव्यात ओळींच्या आद्याक्षरांतून आपले नाव गुंफत. मूळ कर्ते ओळखायला संशोधकांना या खुणा उपयोगी पडल्या. मारिया दास नेवेस बतिस्ता पिमेंतेल हिने १९३८मध्ये पुस्तिका छापली, तीही पुरुषी टोपणनावाने.

मुखपृष्ठावरच्या लाकडी ठशांच्या चित्रांनी कॉर्देलला जगभर ओळख दिली. पर्नांबुकोतल्या बेझेरोसचे जे. बोर्जेस (१९३५–२०२४) कवीही होते आणि ठसे कोरणारे कलावंतही. बाजारात पुस्तिका विकणाऱ्या या माणसाची चित्रे पुढे परदेशातल्या संग्रहालयांत पोहोचली.

१९८८मध्ये रिओत कॉर्देलची अकादमी स्थापन झाली आणि २०१८मध्ये ब्राझीलने या परंपरेला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पण ही मान्यता मिळण्याआधीच रिओतल्या कासा दे रुई बार्बोसा या संस्थेने हजारो पुस्तिका जपून ठेवल्या होत्या. स्वस्त कागद आपोआप टिकत नाही. कुणीतरी त्याला मोलाचा मानावा लागतो.

आपल्याकडेही देवळाबाहेर विकल्या जाणाऱ्या व्रतकथा, जत्रेतल्या पोवाड्यांच्या आणि लावण्यांच्या चोपड्या आहेत. दिवाळीच्या साफसफाईत अशी जीर्ण चोपडी हाती लागली, तर ती रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथालयाला विचारा. गाव, विक्रेता, किंमत, जे आठवते ते चिठ्ठीवर लिहा आणि चोपडीसोबत ग्रंथालयाच्या हवाली करा.