जुन्या घरांतील ठेवा

जुना वाडा पाडून त्या जागीं नवी इमारत उभारण्याचें काम आपल्या शहरांत नित्य चाललेलें असतें. सागवानी तुळयांस व तांब्यापितळेच्या भांड्यांस गिऱ्हाईक असल्यामुळें तीं मोजूनमापून विकलीं जातात. परंतु माळ्यावरचें कागदांचें गाठोडें किंवा जोत्याखालीं मिळालेलें एखादें नाणें यांचें मोल कोणीं ठरवावयाचें? तें ठरविण्यापूर्वीं ह्या वस्तू तेथें कशा राहिल्या, हें पाहिलें पाहिजे.

जमिनींत सांपडणाऱ्या वस्तू बहुधा तीन प्रकारच्या असतात. कांहीं मुद्दाम पुरलेल्या असतात. सावकाराची पेढी दूर आणि पेंढाऱ्यांची धाड जवळ, अशा काळीं मडक्यांत रोकड घालून ती भिंतीलगत पुरून ठेवीत. ठेवणारा अकस्मात् गेला म्हणजे ती जागाही विस्मृतींत जाई. कांहीं वस्तू धर्मविधीच्या असतात, कारण पाया भरतांना त्यांत नाणें किंवा पंचरत्नें ठेवण्याची चाल आहे. उरलेल्या केवळ हरवलेल्या : मुलाच्या पायांतून निसटलेला वाळा, विहिरीपाशीं गळलेलें जोडवें. नाणें एकच असलें तरी तें पायाच्या कोपऱ्यांत मिळालें, मडक्यांत मिळालें कीं केरमातींत मिळालें, यावरून त्याचा अर्थ बदलतो. म्हणून वस्तु उचलण्यापूर्वीं तिचें जागेवरच छायाचित्र घ्यावें. नाणें चकचकीत करण्यासाठीं चिंचेनें घासूं नये. त्यानें अक्षरें झिजतात.

माळ्यावरच्या कागदांची गोष्ट याहून नाजूक आहे. फडक्यांत बांधलेल्या अशा गठ्ठ्यास आपले पूर्वज रुमाल म्हणत. आंतील मजकूर मोडींत असतो, आणि शाळांतून मोडी जाऊन आतां दोन पिढ्यांहून अधिक काळ लोटला आहे. त्यांतील वर्षही पुष्कळदां सुहूर सनाचें असतें. त्यांत ५९९ किंवा, जानेवारीनंतरचे महिने असल्यास, ६०० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. वाचतां येत नाहीं म्हणून असे रुमाल रद्दींत जातात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून असलेच कागद मिळविले. १८९८ सालीं निघालेल्या त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेच्या पहिल्या खंडांत १७५० ते १७६१ या काळांतील पत्रें आहेत, आणि तीं वाई येथें मिळालेलीं होतीं. पानिपतापर्यंतच्या घडामोडींचा हा पुरावा घरगुती दप्तरांत पडून होता.

प्रत्येक रुमालांत पानिपत निघेल असें नाहीं. वाणसामानाचा हिशेब, सोयरिकीची याद, शेताच्या बांधाची तक्रार, एवढेंच बहुधा निघतें. परंतु ज्या घराण्याचें नांव कोणत्याही बखरींत नाहीं, त्याचा इतिहास याखेरीज दुसरा कोठें असणार? तेव्हां चिकटलेलीं पानें ओढून सोडवूं नयेत, फाटल्या जागीं चिकटपट्टी लावूं नये, गठ्ठ्याचा क्रम मोडूं नये. पुण्यास १९१० सालीं स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांत अशा कागदांचें मोल जाणणारे अभ्यासक भेटतात. खणतांना धन लागलें तर मात्र कायदा ध्यानांत असावा. १८७८ च्या निखात निधि कायद्याप्रमाणें जमिनींत मिळालेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांस कळविणें बंधनकारक आहे.

आणखी एक काम आहे. त्याला ना तज्ज्ञ लागतो ना कायदा. घरांतील फणीकरंड्याची पेटी, बोरू-दौत, पिवळे पडलेले फोटो हें सारें एकदां आजीपुढें किंवा थोरल्या काकांपुढें मांडावें. ही पेटी कोणत्या सुनेबरोबर आली, फोटोंतील डावीकडचा मुलगा कोण, हें विचारून फोटोच्या पाठीमागें शिसपेनीनें हलक्या हातानें लिहून ठेवावें. पेटी आणखी शंभर वर्षें टिकेल. तिची हकीकत ठाऊक असलेलें माणूस तितकें टिकत नाहीं. वाडा पाडण्याचा मुहूर्त पुढें ढकलतां येतो. ही विचारपूस मात्र येत्या रविवारींच उरकून घ्यावी.