मॅकेंझी, विल्यम लायन
(१२ मार्च १७९५–२८ ऑगस्ट १८६१). कॅनडातील एक निर्भीड वृत्तपत्रसंपादक, सुधारणावादी पुढारी आणि टोराँटो शहराचा पहिला महापौर. जन्म स्कॉटलंडमधील डंडी येथे एका विणकर कुटुंबात. तान्हेपणीच वडील वारल्याने आईने त्याचे संगोपन केले. काही काळ दुकानदारी करून १८२० मध्ये तो अपर कॅनडा (सध्याच्या आँटॅरिओ प्रांताचा दक्षिण भाग) या ब्रिटिश वसाहतीत गेला.

या वसाहतीत लोकनियुक्त विधिमंडळ होते. तथापि खरी सत्ता ‘फॅमिली कॉम्पॅक्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोजक्या घराण्यांच्या हाती एकवटली होती. अधिकारपदे व जमिनींचे वाटप त्यांच्याच मर्जीने होई. याविरुद्ध लोकमत जागृत करण्यासाठी मॅकेंझीने १८ मे १८२४ रोजी क्वीन्स्टन येथे कलोनिअल ॲडव्होकेट हे पत्र काढले व त्याच वर्षी ते यॉर्क (टोराँटोचे तत्कालीन नाव) या राजधानीत हलविले. त्याची टीका तिखट आणि पुष्कळदा व्यक्तिगत निंदेच्या पातळीवर उतरणारी असे. ८ जून १८२६ रोजी सत्ताधारी घराण्यांतील तरुणांनी त्याच्या छापखान्याची मोडतोड करून खिळे सरोवरात फेकले. न्यायालयाने देवविलेल्या ६२५ पौंड भरपाईमुळे कर्जात बुडालेले हे पत्र उलट सावरले आणि संपादकाची लोकप्रियता वाढली.

१८२८ मध्ये तो विधिमंडळावर निवडून आला. डिसेंबर १८३१ मध्ये बदनामीकारक लेखनाबद्दल बहुमतवाल्यांनी त्याला सभागृहातून काढून टाकले. पण जानेवारी १८३२ च्या पोटनिवडणुकीत तो ११९ विरुद्ध १ मतांनी विजयी झाला. हकालपट्टी व फेरनिवड यांचा हा क्रम पुढेही चालू राहिला.

१८३४ मध्ये यॉर्कला टोराँटो या नावाने शहराचा दर्जा मिळाला आणि नगरपरिषदेने त्याला महापौर निवडले. चिखलाच्या रस्त्यांलगत फळ्यांचे पदपथ बांधण्यासाठी कर्ज व कर यांवाचून गत्यंतर नव्हते. आजवर सत्ताधाऱ्यांच्या खर्चावर टीका करणारा संपादक आता स्वतःच करवाढीचा धनी ठरला. त्याच उन्हाळ्यात पटकीची साथ आली. पुढील निवडणुकीत त्याचा पराभव झाला.

सनदशीर मार्गाने सुधारणा होत नाहीत असे पाहून डिसेंबर १८३७ मध्ये त्याने सशस्त्र उठाव केला. अपुऱ्या तयारीमुळे तो काही दिवसांतच मोडला. लाउंट व मॅथ्यूझ या त्याच्या सहकाऱ्यांना फाशी झाली. मॅकेंझी अमेरिकेत निसटला. तेथे तटस्थताविषयक कायद्याच्या भंगाबद्दल त्याला तुरुंगवास भोगावा लागला. १८४९ च्या सार्वत्रिक माफीनंतर तो परतला आणि १८५१–५८ या काळात पुन्हा विधिमंडळाचा सभासद होता. टोराँटो येथे मित्रांनी वर्गणी काढून दिलेल्या घरात त्याचे निधन झाले. कॅनडाचा पंतप्रधान विल्यम लायन मॅकेंझी किंग हा त्याच्या मुलीचा मुलगा.

प्रशासक व सेनानी या नात्यांनी मॅकेंझी अपयशी ठरला. उतावळेपणाची किंमत त्याच्याबरोबर अनुयायांनाही मोजावी लागली. तथापि शासन लोकप्रतिनिधींना जबाबदार असावे, ही मागणी त्याच्या पत्राने सामान्य शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविली. ती १८४८ मध्ये कॅनडा प्रांतात मान्य झाली, तेव्हा तो हद्दपारीतच होता.