मॉल्व्हर्न टेकड्यांवरील पायवाटा : वहिवाट, कायदा आणि संवर्धन

सारांश :
इंग्लंडमधील मॉल्व्हर्न टेकड्यांच्या माथ्यावरून जाणाऱ्या पायवाटा पदभ्रमणासाठी प्रसिद्ध आहेत. या वाटा निसर्गाने मोकळ्या ठेवलेल्या आहेत, असा पाहणाऱ्याचा समज होतो. वस्तुतः त्यांचे मोकळेपण चराईचे हक्क, वहिवाट आणि संसदेचे कायदे यांतून सिद्ध झालेले आहे. प्रस्तुत लेखात या टेकड्यांची भूरचना, पायवाटांचा इतिहास, त्यांना लाभलेले कायदेशीर संरक्षण आणि संवर्धनापुढील प्रश्न यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : मॉल्व्हर्न, पायवाट, सामाईक जमीन, वहिवाट, चराई, संवर्धन.

१. प्रस्तावना

डोंगरावर कोणी चालावे, हा प्रश्न वरवर पाहता साधा आहे. परंतु जमिनीला मालक असतो, मालकाला कुंपण घालण्याची इच्छा असते आणि भोवतालच्या लोकांची मात्र त्या जमिनीवरून पिढ्यान्‌पिढ्या ये-जा असते. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पायवाट हा केवळ भूगोलाचा विषय राहत नाही. तो इतिहासाचा आणि कायद्याचाही विषय होतो. मॉल्व्हर्न टेकड्या हे याचे उत्तम उदाहरण आहे. अवघ्या १३ किलोमीटरांच्या या रांगेत लोहयुगीन तटबंदीपासून विसाव्या शतकातील कायद्यांपर्यंतचा दीर्घ कालखंड सामावलेला आहे.

२. भौगोलिक पार्श्वभूमी

इंग्लंडच्या पश्चिम-मध्य भागात, मुख्यतः वुस्टरशायर आणि हेरेफर्डशायर या दोन काउंटींच्या सीमेवर ही रांग उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. वुस्टरशायर बीकन हे तिचे सर्वोच्च शिखर असून त्याची उंची ४२५ मीटर आहे. दक्षिणेकडील हेरेफर्डशायर बीकन ३३८ मीटर उंच आहे. सह्याद्रीच्या तुलनेत ही उंची किरकोळ वाटेल. तथापि, पूर्वेस सेव्हर्न नदीचे सपाट खोरे असल्यामुळे या टेकड्या भिंतीप्रमाणे एकाएकी उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. पश्चिमेस हेरेफर्डशायरचा उंचसखल प्रदेश आणि त्यापलीकडे वेल्सचे डोंगर दृष्टीस पडतात.

या दृश्याचे कारण भूशास्त्रात आहे. रांगेचा गाभा सुमारे ६८ कोटी वर्षांपूर्वीच्या कठीण अग्निजन्य व रूपांतरित खडकांचा आहे. पूर्वेकडे मोठ्या प्रस्तरभंगापलीकडे तुलनेने मऊ असे तांबडे पंकाश्म आहेत; पश्चिमेकडे सागरतळाशी साचलेले चुनखडक व शेल आहेत. मऊ खडक झिजत गेले आणि कठीण गाभा उंच राहिला. गाभ्यातील भेगांमधून झिरपणारे पावसाचे पाणी पायथ्यालगत व उतारांवर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. पुढील काळात या झऱ्यांनीच पायवाटांच्या विस्तारास चालना दिली.

माथ्यावरील वाट उत्तरेस नॉर्थ हिलपासून निघते, वुस्टरशायर बीकनवर चढते आणि विच येथील खिंडीत उतरते. तेथून जुबिली हिल, पिनॅकल हिल अशा चढउतारांनी ती हेरेफर्डशायर बीकनला पोहोचते. पुढे मिडसमर हिल व रॅगेडस्टोन हिल ओलांडून १९१ मीटर उंचीच्या चेस एंड हिलवर रांग संपते. माथा अरुंद असल्याने चालणाऱ्यास दोन्ही बाजूंचा प्रदेश एकाच वेळी दिसतो. हे या वाटेचे वैशिष्ट्य आहे.

३. पायवाटांचा इतिहास

हेरेफर्डशायर बीकनवर ‘ब्रिटिश कॅम्प’ या नावाने ओळखला जाणारा लोहयुगीन डोंगरी किल्ला आहे. मातीचे चढते बांध आणि खंदक यांची वलये आजही स्पष्ट दिसतात. मिडसमर हिलवरही असाच किल्ला आहे. माथ्यावरून जाणारा ‘शायर डिच’ हा चर ग्लॉस्टरचा अर्ल गिल्बर्ट डी क्लेअर याने १२८७ च्या सुमारास खोदविला, असे परंपरेने मानले जाते. हेरेफर्डच्या बिशपशी शिकारीच्या हद्दीवरून झालेला वाद हे त्याचे कारण होते. पुरातत्त्वीय पाहणीच्या आधारे काही अभ्यासक या चराचा आरंभ याहून बराच प्राचीन मानतात. ते कसेही असले, तरी आज पदयात्री ज्या माथ्यावरून निर्वेधपणे चालतो, तो मध्ययुगात दोन सत्तांमधील भांडणाची सीमारेषा होता.

भोवतालचा प्रदेश दीर्घकाळ शिकारीसाठी राखीव होता. १६३० च्या दशकात राजा पहिला चार्ल्स याने ही राखीव जमीन मोडीत काढून विकण्याचे ठरविले. चराई व सरपणाचे हक्क असलेल्या स्थानिकांनी त्यास तीव्र विरोध केला. अखेरीस एक तृतीयांश जमीन राजाकडे जावी आणि दोन तृतीयांश जमीन हक्कधारकांसाठी मोकळी राहावी, अशी तडजोड झाली. आजच्या मोकळ्या माथ्याचे एक मूळ या तडजोडीत आहे.

तिसरा टप्पा एकोणिसाव्या शतकातील. १८४२ मध्ये डॉ. जेम्स विल्सन आणि डॉ. जेम्स गली यांनी ग्रेट मॉल्व्हर्न येथे जलोपचार सुरू केले. थंड पाण्याचे स्नान, साधा आहार आणि झऱ्यापर्यंत चढून जाऊन पाणी पिणे, असे या उपचारांचे स्वरूप होते. चार्ल्स डार्विन यांनीही १८४९ मध्ये येथे उपचार घेतले. चढण सुसह्य व्हावी म्हणून पूर्व उतारावर वळणावळणाच्या वाटा वापरात आल्या. अशक्त पाहुणे गाढवांवर बसून वर जात. लोहमार्ग आल्यानंतर पाहुण्यांची संख्या वाढली. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवानिमित्त १८९७ मध्ये वुस्टरशायर बीकनवर दिशादर्शक चौथरा उभारण्यात आला.

४. कायदेशीर संरक्षण

गावाची भरभराट होताच माथ्याच्या कडेने बांधकामे व कुंपणे पुढे सरकू लागली. येथे ‘सामाईक जमीन’ या संज्ञेचा अर्थ ध्यानात घेणे आवश्यक आहे. इंग्लंडमधील सामाईक जमीन बेवारस नसते आणि सर्वांच्या मालकीचीही नसते. तिचा मालक निश्चित असतो. विशिष्ट रहिवाशांना तीवर गुरे चारण्याचा किंवा सरपण घेण्याचा हक्क असतो. सर्वसामान्य माणसाला मात्र तेथे फिरण्याचा हक्क मूलतः नव्हता. चराईच्या हक्कामुळे कुंपण घालता येत नव्हते आणि कुंपण नसल्यामुळे लोक फिरत होते, इतकेच.

या नाजूक अवस्थेला १८८४ च्या मॉल्व्हर्न टेकड्या कायद्याने आधार दिला. अतिक्रमण रोखण्यासाठी ‘मॉल्व्हर्न हिल्स कॉन्झर्व्हेटर्स’ हे मंडळ स्थापन झाले. १९०९, १९२४, १९३० आणि १९९५ च्या कायद्यांनी त्याचे अधिकार वाढविले. २०१७ पासून ही संस्था ‘मॉल्व्हर्न हिल्स ट्रस्ट’ या नावाने काम करते आणि सुमारे १,२०० हेक्टर जमिनीची व्यवस्था पाहते. तरीही तिला मर्यादा होत्या. रस्त्यांसाठी दगड काढणाऱ्या खाणींनी टेकड्यांचे लचके तोडले. हे खोदकाम १९७० च्या दशकापर्यंत चालले. जमिनीखालील दगडावरील हक्क जमिनीवरील वाटेच्या हक्कापेक्षा किती काळ प्रबळ ठरू शकतो, हे यावरून दिसते.

राष्ट्रीय पातळीवरील कायदेही महत्त्वाचे आहेत. एखाद्या वाटेवरून जनतेची सलग वीस वर्षे हक्काने व विनाअडथळा वहिवाट असेल, तर ती वाट सार्वजनिक मानली जावी, हे तत्त्व १९३२ च्या कायद्याने प्रस्थापित केले. १९४९ च्या कायद्याने अशा वाटांचे अधिकृत नकाशे करण्याची जबाबदारी काउंटी परिषदांवर टाकली. पायवाटेची खूण पिवळा बाण आणि घोडवाटेची खूण निळा बाण असते. घोडवाटेवर १९६८ पासून सायकललाही परवानगी आहे. मॉल्व्हर्न परिसराला १९५९ मध्ये ‘विशेष निसर्गसौंदर्याचे क्षेत्र’ हा दर्जा मिळाला. २०२३ पासून अशा क्षेत्रांना ‘राष्ट्रीय भूदृश्य’ असे संबोधले जाते. जुन्या वाटांची नोंद करण्यासाठी २००० च्या कायद्याने २०२६ ही अंतिम मुदत घातली होती. ती इंग्लंडपुरती २०३१ पर्यंत वाढली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने ती रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला. नोंद नसलेली वाट कायद्याच्या दृष्टीने नाहीशी होऊ शकते, ही भीती या चर्चेच्या मुळाशी होती.

५. संवर्धनापुढील प्रश्न

हक्क मिळाल्यावर वापर वाढतो आणि वापरानेच वाटेची हानी होते. टेकड्यांवरील मातीचा थर पातळ आहे. पावलांखाली गवत मरते, उघड्या मातीत पावसाचे पाणी चर पाडते, चिखल टाळण्यासाठी लोक कडेने चालतात आणि वाट रुंदावत जाते. पाणी बाजूला वळविणारे दगडी आडबांध घालणे, झिजलेला भाग काही काळ विश्रांतीस ठेवणे आणि उतारावर वळणे राखणे, हे त्यावरील उपाय होत.

दुसरा प्रश्न चराईचा आहे. मेंढ्या व गुरे चरली नाहीत, तर नेचे, काटेरी झुडपे आणि पुढे झाडी माथा व्यापतात. मोकळे दृश्य आणि गवताळ अधिवास दोन्ही जातात. परंतु चराई हा पशुपालकाला किफायतशीर व्यवसाय राहिलेला नाही आणि मोकाट कुत्र्यांचा मेंढ्यांना व जमिनीवर घरटी करणाऱ्या चंडोलासारख्या पक्ष्यांना उपद्रव होतो. तिसरा प्रश्न खर्चाचा आहे. संस्थेच्या उत्पन्नाचा मोठा भाग ठरावीक गावांतील रहिवाशांवरील कर आणि वाहनतळांचे शुल्क यांतून येतो. लाभ दूरदूरच्या पाहुण्यांना आणि नियमित भार मात्र शेजाऱ्यांना, ही विषमता अद्याप सुटलेली नाही.

६. निष्कर्ष

१) मॉल्व्हर्नचा मोकळा माथा ही केवळ नैसर्गिक अवस्था नसून चराई, विरोध, तडजोड आणि कायदा यांची संयुक्त निर्मिती आहे.

२) पायवाटेचा सार्वजनिक हक्क मालकीतून नव्हे, तर वहिवाटीतून आणि तिच्या अधिकृत नोंदीतून टिकतो.

३) केवळ संरक्षित क्षेत्राचा दर्जा पुरेसा ठरत नाही; दैनंदिन देखभाल करणारी स्थानिक संस्था आणि चरणारी गुरे यांचीही तितकीच आवश्यकता असते.

४) चालण्याचा हक्क आणि वाट राखण्याचे कर्तव्य यांची सांगड घातली गेली नाही, तर वाट कुंपणामुळे नव्हे, तर पावलांमुळेच नष्ट होण्याचा धोका संभवतो.