चित्र तुटतंय? आधी घरातले दिवे विझवून पाहा

दुपारभर स्वच्छ दिसणारं टीव्हीचं चित्र संध्याकाळी दिवाणखान्यातले दिवे लागताच बिघडतं. चेहऱ्यांचे चौकोनी तुकडे होतात, आवाज तुटतो आणि 'सिग्नल नाही' अशी पाटी झळकते. अमेरिकेत लाखो कुटुंबं अँटेना लावून टीव्ही फुकट पाहतात. असं झालं की त्यांचा पहिला संशय जातो टॉवरवर, दुसरा अँटेनावर. चोर मात्र पुष्कळदा घरातच असतो.

आपल्याकडेही दूरदर्शनच्या काळात मिक्सर फिरला की पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रेघा धावत. तरीही त्यांच्याआडून बातम्या दिसत राहायच्या. डिजिटल प्रक्षेपणात ही सवलत नाही. ठरावीक मर्यादेपर्यंत चित्र लख्ख असतं. उपकरणांतून निसटणाऱ्या नकोशा लहरींचा गोंगाट त्यापलीकडे गेला, की ते गोठतं किंवा पार नाहीसं होतं.

१२ जून २००९ रोजी अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपण थांबवलं. फिलाडेल्फियाचं डब्ल्यूपीव्हीआय हे केंद्र मात्र डिजिटल झाल्यावरही आपल्या जुन्या सहा क्रमांकावरच, म्हणजे ८२ ते ८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात राहिलं. चित्र येत नसल्याच्या तक्रारी सुरू झाल्या आणि प्रक्षेपणाची शक्ती वाढवावी लागली. विजेच्या उपकरणांचा गोंगाट कमी फ्रिक्वेन्सीवर जास्त जाणवतो. त्यामुळे या पट्ट्यासारख्या कमी फ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे व्हीएचएफ वाहिन्यांना त्याचा फटका आधी बसतो. त्याहून वरच्या फ्रिक्वेन्सीच्या यूएचएफ वाहिन्या त्या मानानं सुखरूप राहतात.

हा गोंगाट येतो कुठून? एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, राउटरचा अ‍ॅडॉप्टर या सगळ्यांत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणारं छोटं सर्किट असतं. त्यातून रेडिओलहरी निसटतात. त्या अडवणारा फिल्टर स्वस्त मालात अनेकदा गाळलेला असतो.

चोर पकडायला फक्त चिकाटी लागते. टीव्हीच्या मेनूमध्ये सिग्नलचा दर्जा दाखवणारी पट्टी उघडून ठेवावी आणि घरातली उपकरणं एकेक करून बंद करावीत. चार्जरचा प्लगच उपटावा, कारण फोन काढून घेतला तरी तो चालूच असतो. पट्टी एकदम वर चढली, की समजावं. मीडियम वेव्हचा छोटा रेडिओ केंद्र नसलेल्या जागी लावून संशयित वस्तूजवळ नेला, तर त्याची वाढती खरखरही दिशा दाखवते.

मग उपाय सोपे आहेत. दिवा बदलावा. अँटेना उपकरणांपासून दूर, जमल्यास घराबाहेर न्यावा. केबल जुनी असेल तर चांगल्या जाळीची आरजी-६ टाकावी. अ‍ॅडॉप्टरच्या वायरीवर फेराइटचं कडं बसवूनही फरक पडू शकतो.

अ‍ॅम्प्लिफायर विकत घ्यायची घाई मात्र करू नये. तो सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो.