बेटावरचा विमानतळ आणि आपले छप्पर

धारणीच्या माणसाला विमानतळाचे काय कौतुक, असे कोणी विचारील. आता अमरावतीजवळ बेलोऱ्याला एप्रिल २०२५ पासून प्रवासी विमाने उतरू लागली, हे खरे. पण मला सांगायचे आहे ते फार दूरच्या, अंदमानच्या विमानतळाविषयी. आणि तेही विमानांविषयी नव्हे, तिथल्या छपराविषयी.

अंदमान म्हटले की आपल्याला सावरकर आठवतात. १९११ साली त्यांना तिथल्या सेल्युलर जेलमध्ये नेले, ते बोटीने. त्याच पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून त्या गावाचे नाव श्रीविजयपुरम) त्यांच्या नावाच्या विमानतळावर जुलै २०२३ मध्ये नवी इमारत उघडली. विस्तार ४०,८०० चौरस मीटर. दुरून पाहावे तर समुद्रकाठी शिंपला पडला आहे, असे वाटते. फोटो सगळ्यांनी त्या शिंपल्याचेच काढले. मला विचाराल तर आकार डोळ्यांना गोड आहे, पण खरी अक्कल आत आहे.

म्हणजे बघा, त्या छपराची रचना दुहेरी आहे. वरचा ताप खाली उतरू नये म्हणून. ही युक्ती आपल्याला नवी नाही. कवेलूच्या घरात वर माळा असला की कवेलू तापतात, मधली हवा तो ताप अडवते आणि खाली माणूस सुखाने बसतो. टिनाच्या एकेरी पत्र्याखाली मात्र वैशाखात वर्ग कसा भाजतो, हे गुरुजींना सांगायला नको. तिथे छपराला उजेडाच्या खिडक्याही आहेत, म्हणून दिवसा दिवे कमी लागतात. उजेडाबरोबर ऊन आत शिरू नये, यासाठी काच उष्णता अडवणारी घेतली आहे. शिवाय ५०० किलोवॅटचा सौर वीजसंच. आता, विमान उडताना जे इंधन जळते ते काही इमारतीमुळे कमी होत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

पण खरी गोष्ट पाण्याची. या बेटावर वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरी उन्हाळ्यात गावाला पाणी मोजून मिळते! चहूकडे समुद्र, पण पिण्याला थेंब नाही. म्हणून विमानतळाने पावसाचे पाणी साठवायला जमिनीखाली टाके बांधले, आणि सांडपाणी जागीच शुद्ध करून ते सगळे झाडांना घालायची सोय केली.

आपल्या मेळघाटाची कथा निराळी आहे काय? आषाढात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात कित्येक गावांना टँकर. तेव्हा गुरुजींनी वर्गात एक हिशेब घालावा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. शाळेचे छप्पर दहा मीटर लांब, सहा मीटर रुंद धरा. एक इंच, म्हणजे पंचवीस मिलिमीटर पावसात त्यावर दीड हजार लिटर पाणी पडते. उडून-सांडून बाराशे लिटर जरी हाती लागले, तरी पंधरा लिटरचे ऐंशी हंडे झाले की नाही? तेही एका सरीत. मुलांनी आपापल्या घराचे छप्पर दोरीने मोजून हाच हिशेब करावा.

पहिल्या एकदोन सरींचे पाणी मात्र वाहू द्यावे. त्यात छपरावरची धूळ, पालापाचोळा आणि पाखरांची घाण असते. पुढचे पाणी पन्हाळीने, तोंडाला फडके बांधून, झाकणाच्या टाकीत घ्यावे. झाकण घट्ट हवे, नाही तर डास होतात. आणि प्यायचे झाल्यास ते उकळूनच प्यावे.