काठी कोणत्या हातात धरावी?

उजवा खुबा दुखत असेल तर काठी कोणत्या हातात धरावी? दवाखान्यात हा प्रश्न मी विचारतो तेव्हा बहुतेक जण क्षणाचाही विचार न करता 'उजव्या' असे उत्तर देतात. ज्या बाजूला दुखते त्याच बाजूला आधार द्यावा, हे वरवर पाहता पटण्यासारखे आहे; पण ते बरोबर नाही. काठी डाव्या, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. असे का, हे समजून घेण्यासाठी आज थोडे यंत्रशास्त्राकडे वळू या.

उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आपण नेहमी पाहतो. चालकाने ब्रेक दाबला की मागच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला पुढे रेटतात. एकटा ट्रॅक्टर वेगळा वागतो, ट्रॉल्या जोडलेला वेगळा. सांध्यांनी एकमेकांना जोडलेल्या भागांचे यंत्र हलू लागले की प्रत्येक भागाचा ओढा व रेटा दुसऱ्याला जाणवतो. अशा यंत्रांच्या गतीचा हिशेब मांडणारी यंत्रशास्त्राची एक शाखाच आहे. उपग्रह, यंत्रमानव यांच्या गरजेमुळे आणि संगणकाच्या साहाय्याने १९६० नंतर ती झपाट्याने वाढली. परंतु तिचे एक मूळ मानवी शरीराच्या अभ्यासात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

जर्मनीतील लाइपझिग येथे शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्राउने आणि गणिती ओटो फिशर यांनी गोठवलेल्या मृतदेहांवर मोजमापे करून शरीराचा गुरुत्वमध्य कोठे असतो, हे १८८९ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी एका माणसाला काळे कपडे घातले, त्याच्या हातापायांवर लुकलुकणाऱ्या विजेच्या नळ्या बांधल्या, त्याला अंधारात चालायला लावले आणि एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी त्याची छायाचित्रे टिपली. १८९२ मध्ये ब्राउने यांचे निधन झाले. फिशर यांनी हिशेबाचे काम पुढे चालू ठेवले आणि १९०६ मध्ये सजीव शरीराच्या यंत्रशास्त्रावर ग्रंथ लिहिला. मांडी, पोटरी, पाऊल, धड, हात हे सगळे एकमेकांना जोडलेले भाग आहेत आणि एकाचा विचार दुसऱ्याला वगळून करता येत नाही, हा त्यांच्या कामाचा गाभा होता.

आता हाच विचार आपल्या खुब्याला लावू. चालताना प्रत्येक पावलागणिक आपण काही क्षण एकाच पायावर उभे असतो. ६० किलो वजनाचा मनुष्य उजव्या पायावर उभा आहे असे समजा. तो पाय सोडला तर उरलेले शरीर सुमारे ५० किलोचे. हे वजन उजव्या खुब्याच्या सांध्यापासून आतल्या बाजूला साधारण १० सेंटिमीटरवर पडते, त्यामुळे शरीर डावीकडे कलू पाहते. ते कलू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू ताण देतात. पण ते सांध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर ओढतात. तराजूच्या दांडीची एक बाजू निम्मी असेल तर त्या पारड्यात दुप्पट वजन घालावे लागते. तसाच या स्नायूंना १०० किलोचा जोर लावावा लागतो. शरीराचे ५० आणि स्नायूंचे १००, असा १५० किलोचा भार त्या सांध्यावर पडतो, म्हणजे माणसाच्या वजनाच्या अडीचपट! बर्लिनमधील संशोधकांनी मोजमापाची सोय असलेले कृत्रिम खुबे रुग्णांना बसवून पाहिले, तेव्हा चालताना साधारण एवढाच भार आढळला. पाय अडखळला की तो वजनाच्या आठपटीपर्यंत गेला.

आता डाव्या हातात काठी घ्या व तिच्यावर फक्त ५ किलो भार द्या. डावा हात उजव्या खुब्यापासून सुमारे ४० सेंटिमीटर दूर असतो. दांडी लांब, म्हणून थोडा जोरही पुष्कळ काम करतो. या हिशेबाने स्नायूंचा जोर १०० वरून ६० किलोवर येतो आणि सांध्यावरचा एकूण भार १५० वरून १०५ वर. हा ढोबळ हिशेब आहे, प्रत्यक्षात फायदा याहून कमी मिळतो. पण तो निश्चित मिळतो. उलट काठी उजव्याच हातात असेल तर तिचा वर येणारा रेटा शरीराला आणखी डावीकडेच लोटतो. मग मनुष्य काठीवर झुकून, झोकांड्या देत चालतो.

दुसरेही एक कारण आहे. चालताना उजवा पाय पुढे पडतो तेव्हा डावा हात पुढे येतो. विरुद्ध हातातली काठी या निसर्गाच्या तालातच चालते.

काठी घेणे म्हणजे म्हातारपण कबूल करणे, असे पुष्कळांना वाटते. माझ्या एका रुग्ण आजींनी काठी दाराआड ठेवली होती, ती पाहुण्यांना दिसू नये म्हणून. मोरीत पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. उतारवयात अशा फ्रॅक्चरनंतर अंथरुणाला खिळणे, शय्याव्रण, न्यूमोनिया असे संकटांमागून संकट येऊ शकते. त्यापुढे काठीचा संकोच तो किती!

वाचकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) खुबा दुखो वा गुडघा, काठी विरुद्ध हातात धरावी आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकावी.

२) ताठ उभे राहून हात सैल सोडावा. काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे, म्हणजे धरताना कोपर किंचित वाकतो.

३) काठीच्या टोकाला रबरी बूच असावे. ते झिजताच बदलावे.

४) जिना चढताना आधी चांगला पाय टाकावा; उतरताना आधी काठी व दुखरा पाय. एसटीच्या पायऱ्यांनाही हाच नियम, मात्र दांडा धरल्याशिवाय चढू-उतरू नये.

५) खुबा दुखत असेल तर बाजाराची पिशवी दुखऱ्या बाजूच्या हातात घ्यावी, आणि ती हलकी असावी. विरुद्ध हातातली पिशवी शरीराला पलीकडे ओढते व स्नायूंचे काम वाढवते.

६) वजन जास्त असेल तर ते कमी करावे. वरच्या हिशेबाने एक किलो घटले की प्रत्येक पावलाला खुब्यावरचे सुमारे अडीच किलो ओझे उतरते.

खुबा किंवा गुडघा सतत दुखत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, किंवा पडल्यानंतर पायावर भार देता येत नसेल, तर मालिश करीत बसू नये. डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. काठी हा उपचारांना पर्याय नव्हे. योग्य हातात धरली तर त्यांना मिळालेली ती स्वस्त आणि मोलाची जोड आहे.